आकाशचित्रांचा पुरावा आणि त्यास योग्य कॅमेरा

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजांत १९३९ सालीं संशोधनाचें काम सुरू झालें. तेव्हांपासून तेथील विद्वानांनीं दख्खनमधील जुन्या पांढरी बहुशः पायीं हिंडून धुंडाळल्या. शिरूर तालुक्यांतील इनामगांवचें उत्खनन त्यांच्याच खटपटीचें फळ होय. परंतु पांढरीची किंवा गडाची समग्र मांडणी वरूनच नीट कळते. इंग्लंडांत क्रॉफर्ड व कीलर ह्यांनीं १९२४ सालीं विमानांतून प्राचीन स्थळांचीं चित्रें घेतलीं व १९२८ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. आपल्याकडे उद्धव ठाकरे ह्यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ (२०१०) ह्या संग्रहानें गडांचें आकाशदर्शन सामान्य वाचकासहि घडविलें, हें श्रेय मोकळ्या मनानें दिलें पाहिजे.

तथापि दर्शन निराळें आणि पुरावा निराळा. तिरप्या चित्रांत जवळचा तट मोठा व दूरचा लहान उमटतो. असल्या एकट्या चित्रावरून लांबी मोजूं जाणें व्यर्थ. एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणारीं अनेक चित्रें आणि जमिनीवर मोजलेलीं चार-सहा ठिकाणें हातीं असलीं, तर मात्र आजच्या गणकयंत्रानें त्यांवरून नकाशा सिद्ध होतो.

कॅमेरा निवडतांना हौशी मंडळींचा ओढा लांब पल्ल्याच्या झूम भिंगाकडे असतो. आमच्या मतें हा मोह टाळावा. अशा भिंगानें विमानाची थरथर अधिकच जाणवते, व पल्ला वारंवार बदलल्यानें मापनाचा पाया डळमळतो. ५० मिलिमीटरचें स्थिर भिंग व ३६ × २४ मिलिमीटरचा संवेदक घेऊन ३०० मीटर उंचीवरून सरळ खालीं चित्र घेतल्यास २१६ × १४४ मीटर जमीन त्यांत मावते. रुंदींत ६००० बिंदु असतील, तर एका बिंदूस ३.६ सेंटिमीटर येतात. तटबंदीच्या कामास हें पुरे. पण ताशीं १८० किलोमीटर वेगाचें विमान सेकंदास ५० मीटर जातें. शटर १/५०० सेकंद उघडें राहिलें कीं विमान १० सेंटिमीटर सरकलें, आणि ती सारी सूक्ष्मता वायां गेली. १/२००० ठेविल्यास सरक २.५ सेंटिमीटरांवर येते.

खरी अडचण पुढेंच आहे. बुजलेले चर व मोडके चौथरे सकाळसंध्याकाळच्या लांब सावल्यांतच प्रकट होतात, आणि त्याच वेळीं उजेड तोकडा असतो! म्हणून मोठ्या छिद्राचें भिंग व मंद प्रकाशांत स्वच्छ चित्र देणारा संवेदक ह्यांवरच द्रव्य खर्चावें. शटर यांत्रिक असावें. विद्युत् शटर ओळीओळीनें चित्र वाचतें, तेणेंकरून सरळ तटहि वांकडा उमटूं शकतो. विमान पंख वर असलेलें घ्यावें, खिडकी उघडी ठेवावी, आणि कॅमेरा चौकटीस टेकूं नये.

मिती नसलेलें पत्र हातीं आलें म्हणजे संग्राहकाची केवढी निराशा होते! दिनांक, वेळ, उंची, दिशा व भिंग ह्यांची नोंद नसलेल्या आकाशचित्राची तीच गत. कॅमेऱ्याची मूळ असंस्कारित प्रत जपावी. शोभेसाठीं कडा कापणें म्हणजे पोथीचा समास छाटून पत्रांक घालविणें होय. पांढरीची माती शेतांत खत म्हणून वाहून नेण्याची चाल जुनी आहे. तीच पांढर दहा वर्षांनीं पुन्हा टिपली, तर पहिल्या चित्राची उंची व भिंग ठाऊक असल्यावांचून मधल्या काळांत किती माती गेली, हें ठरविणें कठीण.