क्रिस्तपुराण : ओवी आपली, अक्षर परके

इंग्रज धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या! जुनी पुराणे नाकारून साचा मात्र पुराणाचाच. स्वर्गालाही शब्द ‘वैकुंठ’. हेतू धर्मप्रचाराचा असला, तरी मराठीवरची माया आम्हांस खरी वाटते. उणीव आहे ती लिपीची. ग्रंथ रोमन अक्षरांत निघाला. देवनागरी आवृत्ती यायला १९५६ साल उजाडले. त्याच सतराव्या शतकातला शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ मात्र वारकऱ्यांना आपला वाटला. पोहरादेवीला गोरबोलीतली भजने देवनागरीत लिहिली जातात. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो नि मराठीत लिहितो. म्हणून आम्हांस वाटते, भाषेवर प्रेम पुरेसे नाही. वाचकाच्या अक्षरांत त्याच्या दारी जावे लागते.