डॅन्यूबच्या काठाने : एका हस्तलिखिताविषयी

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सध्या नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. गेल्या उन्हाळ्यात तो पासाऊपासून बुडापेस्टपर्यंत डॅन्यूबच्या काठाने एकटाच सायकलवरून गेला. त्या प्रवासाचे हस्तलिखित त्याने माझ्याकडे पाठवले आणि सोबत चिठ्ठी जोडली, "सर, छापण्याआधी तुमची लाल शाई हवी आहे." लाल शाईची मला तीस वर्षांची सवय आहे. पण या वेळी तिचे चार थेंब माझ्याही अंगावर उडाले, म्हणून हा लेख.

आधी जमेची बाजू. पासाऊला इन आणि इल्झ या नद्या डॅन्यूबला मिळतात. तिथून व्हिएन्नापर्यंतचा तीनशेहून अधिक किलोमीटरांचा सायकलमार्ग बहुतेक सपाट, नदीला धरून जाणारा. अशा वाटेवर पराक्रमाला वाव थोडा, हे लेखकाने मोकळेपणाने कबूल केले आहे. श्लोगेनला नदी जवळजवळ उलटी फिरते तिथले वर्णन, वाखाउ खोऱ्यातल्या जर्दाळूच्या बागा, समोरून वारा सुटला की उताराची वाटही चढणीची होते हे निरीक्षण, ही पाने जिवंत उतरली आहेत. पंक्चर काढताना एका म्हाताऱ्याने एक शब्दही न बोलता चाक धरून ठेवले, तो प्रसंग तर पाठ्यपुस्तकात शोभावा.

सर्वांत सरस प्रकरण माउटहाउझेनचे. सायकलमार्ग नदीलगत गावातून निघून जातो. नाझींनी १९३८ साली उभारलेली छळछावणी वर टेकडीवर आहे. खालून निघून जाणे सोपे होते. याने सायकल ढकलत वर नेली. ज्या खाणीतून कैद्यांना ग्रॅनाइटचे धोंडे पाठीवर घेऊन चढावे लागे, तिथल्या १८६ पायऱ्या पाहिल्या. एरवी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या दिवसाचे किलोमीटर आणि खर्च यांचा हिशेब येतो. या एका प्रकरणाखाली तो नाही. हे त्याने जाणून केले असेल तर तो लेखक आहे. नकळत झाले असेल तर तो लेखक होण्याच्या वाटेवर आहे.

आता उणी बाजू. 'एकट्याने' हा शब्द पानोपानी येतो. पण ठरलेला मार्ग, जागोजाग पाट्या, आधी राखलेली खोली, यांत एकटेपण कितीसे उरते? गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'तला नर्मदेचा परिक्रमावासी अनोळखी दारांशी उभा राहतो, म्हणून त्या दारांमागची माणसे पुस्तकात येतात. आपल्या सायकलस्वाराला कोणाच्या दाराशी उभे राहावे लागले नाही. त्यामुळे पंक्चरचा प्रसंग सोडला तर काठावरची माणसे लांबच राहिली.

या नदीवर थोर लेखन झालेले आहे. पॅट्रिक ली फर्मर १९३३च्या डिसेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, युरोप पायी ओलांडायला निघाला. त्याचे 'अ टाइम ऑफ गिफ्ट्स' आले ते १९७७ साली, आणि ते संपते एस्टरगोमच्या पुलावर, दोन देशांच्या मधोमध. तो पूल १९४४ साली युद्धात उडवला गेला आणि २००१ साली पुन्हा उभा राहिला. आमच्या विद्यार्थ्याने त्याचे छायाचित्र तेवढे काढले. त्रिएस्तसारख्या सीमेवरच्या शहरात जन्मलेल्या क्लाउदिओ माग्रिसने 'दानुबिओ' (१९८६) लिहिताना उगमापासून मुखापर्यंत गावोगावच्या भाषांची आणि इतिहासाची विचारपूस केली. मी त्यांची बरोबरी मागत नाही, विचारपूस मागतो.

कारण पुढे कोमार्नो आहे. हस्तलिखितात या गावाला दीड ओळ मिळाली आहे : पोटभर जेवलो, पूल ओलांडला, हंगेरी आली. पण हे गाव पहिल्या महायुद्धानंतर दुभंगले आणि १९२०च्या त्रियानोन तहाने त्यावर शिक्का बसला. उत्तरेचा काठ आज स्लोव्हाकियात, दक्षिणेचा हंगेरीत. उत्तरेकडे आजही हंगेरियन बोलणारेच अधिक. हंगेरियन कादंबरीकार मोर योकाई १८२५ साली जन्मला तो याच उत्तर काठावर. तिथे २००४ साली हंगेरियन माध्यमाचे विद्यापीठ सुरू झाले, तेही स्लोव्हाकियात! डोनाउ, दुनाय, दुना अशी नदीने देशागणिक नावे बदलली. याच्या वहीत ती शेवटपर्यंत डॅन्यूबच राहिली.

१९५६च्या रेषेच्या या बाजूला वाढलेल्या, गावाचे नाव दोन पाट्यांवर दोन तऱ्हांनी वाचत शाळेत आलेल्या मुलाने कोमार्नोत फक्त जेवावे, याचा मला प्रथम राग आला. त्या भरात समासात लिहिलेही, "तुला इथे काहीच दिसले नाही?"

नंतर शाळेच्या फाटकात उभा राहून मी समोरच्या दोन भाषांतल्या पाट्या पाहिल्या. वर्गात त्यांविषयी मी कधी बोललो होतो का? 'माझे गाव' हा निबंध दर वर्षी दिला. नदी, देऊळ, बाजार एवढ्यावर पूर्ण गुण दिले. गावातली दुसरी भाषा निबंधात आली नाही म्हणून कोणाचा एक गुणही कापला नाही. रोज पाहून जे दिसेनासे झाले, ते परक्या मुलखात त्याला एकाएकी कसे दिसावे?

समासातला तो प्रश्न मी खोडला नाही. त्याखाली एवढेच लिहिले, "हे प्रकरण पुन्हा लिही. जमल्यास आधी आपल्या गावावर चार पाने लिहून पाहा. मीही लिहीत आहे."