बालविभाग नावाची खोली

आयोजकांनी मला दिलेला विषय होता 'सार्वजनिक ग्रंथालयं आणि मुलांची साक्षरता'. पत्रिकेत तो छापताना त्याचं 'ग्रंथालये आणि वाचनसंस्कृती' झालं. तक्रार नाही, पण मी मूळ विषयावरच बोलणार आहे. वाचनसंस्कृती हा शब्द निघाला की आपण सगळे एकदम हळवे होतो. मग मोबाइलला चार शिव्या, आपल्या लहानपणच्या उन्हाळी सुट्ट्या, आणि चहा. (हशा) साक्षरता हा शब्द त्या मानानं रूक्ष आहे. पण त्यात एक सोय आहे. समोरच्या मुलाला हा उतारा वाचता येतो की नाही, एवढाच प्रश्न विचारायचा असतो.

तो प्रश्न 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं होणाऱ्या 'असर' पाहणीत गावोगावी विचारला जातो. 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. हा आकडा आला की आपण शाळेकडे बोट दाखवतो. दाखवायलाच हवं. मला मात्र आज ग्रंथालयाला विचारायचं आहे की त्या उरलेल्या निम्म्या मुलांसाठी तुमच्याकडे काय आहे? पाचवीतलं मूल, दुसरीचा धडा येत नाही, संध्याकाळी तुमच्या दारात आलं, तर पुढे काय होतं?

बहुतेक ठिकाणी काही होत नाही. ज्याला वाचता येतं तो वाचक, आणि वाचक आला की देवघेव सुरू, अशी आपल्या ग्रंथालयांची समजूत आहे. वाचायला शिकवणं हे आपलं काम आहे असं त्यांना कधी वाटलेलं नाही. ही समजूत कुठून आली हे बघण्यासारखं आहे.

आपली जुनी ग्रंथालयं आठवा. रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी 1848 ची, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. ही शिकलेल्या माणसांनी शिकलेल्या माणसांसाठी काढलेली ग्रंथालयं होती. वर्तमानपत्रं वाचावीत, चर्चा करावी, मराठी पुस्तक जपावं हा हेतू. थोर काम होतं, आजही ती उभी आहेत. पण त्या घरात निरक्षर माणसासाठी खुर्ची मांडलेली नव्हती.

त्याच काळात दुसरा एक रस्ता निघाला होता, आणि तो एका मराठी माणसानं काढला होता. मालेगावजवळच्या कवळाणे गावचा गोपाळराव 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि जवळजवळ निरक्षर होता. सयाजीराव महाराजांबद्दल आपण भरपूर बोलतो, पण ग्रंथालयांच्या संदर्भात मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. उशिरा अक्षर शिकणं म्हणजे काय, हे या राजाला स्वतःवरून माहीत होतं. 1906 मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पुढचा हिशेब सरळ होता. मूल चार इयत्ता शिकून शेतावर गेलं, घरात कागदाचा कपटा नाही, तर काही वर्षांत अक्षर विसरणार. म्हणजे शाळेवरचा खर्च पाण्यात. म्हणून 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्यांनी राज्यभर ग्रंथालयांची साखळी उभी केली.

तिचा तपशील आजच्या कार्यवाहांनी वाचावा असा आहे. गावानं वर्गणीचा वाटा गोळा केला की तेवढीच भर प्रांत पंचायतीची आणि तेवढीच सरकारची. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी जागा, आणि तिथे पुस्तकांच्या जोडीला खेळ. बायकांसाठी वेगळी सोय. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात पुढची गोष्ट म्हणजे ज्यांना वाचताच येत नाही अशांसाठी चित्रं, जादूचा कंदील आणि चलच्चित्रं घेऊन गावात जाणारी ग्रंथालयाचीच एक शाखा. निरक्षर माणूस हाही ग्रंथालयाचा वाचक, हे तिथे गृहीत होतं. राजाच्या हुकमानं चाललेलं काम होतं, त्याच्या मर्यादा होत्याच. पण प्रश्न बरोबर मांडलेला होता.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. मद्रासनं 1948 च्या कायद्यात ग्रंथालय कर आणला. रंगनाथन यांचा आग्रहच तो होता. आपण कर टाळला आणि संस्थांना अनुदान द्यायची पद्धत घेतली. त्यामुळे राज्यात बारा हजारांच्या आसपास मान्यताप्राप्त ग्रंथालयं उभी राहिली, आणि ती गावातल्या माणसांनी पदरमोड करून चालवली. याला मी नावं ठेवणार नाही. मधली जवळपास दहा वर्षं अनुदानात वाढ नव्हती, 2022 मध्ये साठ टक्के वाढ मिळाली. तोवर कित्येक ग्रंथपालांनी ज्या पगारात दिवस काढले, त्यात इतर कोणी काम केलं नसतं.

माझी टीका मोजणीवर आहे. अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात ते ग्रंथ किती, सभासद किती, वर्तमानपत्रं-नियतकालिकं किती, उघडं किती तास, या आकड्यांवर. संस्थेला ज्याचे गुण मिळतात तेच ती वाढवणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पुस्तक कपाटात असलं तरी मोजलं जातं, आणि मुलाच्या हातात जाऊन फाटलं तर मोजणीतून जातं. मग शहाणा कार्यवाह काय करेल? कुलूप लावेल. फलकावर 'बालविभाग' हे अक्षर असतंच. आत गेलात तर काचेचं कपाट, त्यात कणा बाहेर करून उभी केलेली पुस्तकं, म्हणजे मुखपृष्ठ दिसायची सोय नाही. चार वर्षांच्या मुलाला कण्यावरचं नाव वाचता येत नाही, ते चित्र बघून पुस्तक उचलतं. मांडणीच त्याला सांगते की तुझं इथे काम नाही. शिवाय अनामत, शिवाय पालकाची सही, शिवाय फाटलं तर भरपाई. ज्या घरात पन्नास रुपयांचा विचार करावा लागतो त्या घरातली आई म्हणते, नको बाई ते पुस्तक, फाडशील. तिचं बरोबरच आहे.

इथे एक नियम सांगतो, तो मला फार आवडतो. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी तरतूद आहे, की वर्षभरात दिल्या गेलेल्या वा वापरल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ झाली तर ते वाजवी समजावं. नीट ऐका, कपाटातल्या हजार पुस्तकांमागे असं म्हटलेलं नाही, वापरलेल्या हजारांमागे म्हटलं आहे. म्हणजे जितकं जास्त वापराल तितकी जास्त हरवायची मुभा. हा नियम केंद्राच्या कार्यालयांना लागू, आपल्या गावच्या वाचनालयाला नाही. पण अर्थखात्याच्या रुक्ष माणसाला जे सुचलं ते आपल्या संचालक मंडळांना अजून सुचत नाही. आपल्याकडे निर्लेखन हा शब्द काढला तरी लेखापरीक्षणाच्या भीतीनं चेहरे उतरतात. परदेशातली मोठी ग्रंथालयं तर दंडच सोडून देऊ लागली आहेत. शिकागोनं 2019 मध्ये उशिराचा दंड रद्द केला आणि लोक जुनी राहिलेली पुस्तकं परत आणून देऊ लागले.

बरं, कुलूप काढलं. मग? पुस्तक समोर ठेवल्यानं वाचता येत नाही. इथे माणूस लागतो. मराठी मुलाची अडचण आपण नीट समजून घेत नाही. त्याला वर्षभर बाराखडी घोटायला लावतात, मग जोडाक्षरं. अक्षरं ओळखू येतात पण वाक्यातून अर्थ निघतो हा अनुभवच आलेला नसतो. शिवाय पुस्तकातली मराठी घरातली नसते. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या घरात, अगदी कुठल्याही खेड्यातल्या घरात, 'परंतु' आणि 'त्यामुळे' म्हणत कोण बोलतं? गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाची तर भाषाच वेगळी. पुस्तकाची भाषा आधी कानावर पडावी लागते. ती कानावर घालायचा एकच स्वस्त उपाय आहे, मोठ्यानं वाचून दाखवणं. सहा-आठ मुलं, एक पुस्तक, ओळीखाली फिरणारं बोट, मध्येच थांबून 'आता काय होईल?' हा प्रश्न. तेच पुस्तक पुढच्या आठवड्यात पुन्हा. मुलं तेच मागतात, आणि मागतात ते योग्यच असतं, कारण तिसऱ्या वेळी ती आपल्याआधी वाक्य म्हणू लागतात.

हे कथाकथन नव्हे, हे कृपया लक्षात घ्या. कथाकथनात हातवारे करणारा पाहुणा येतो, शाल-श्रीफळ घेतो आणि जातो. मुलांना मजा येते, पुस्तक मात्र टेबलावर बंद असतं. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनीही बरेचदा हेच. कलामांच्या प्रतिमेला हार, वाचनाचं महत्त्व या विषयावर भाषण, आणि त्या दिवशी एकाही मुलानं एक पान वाचलेलं नसतं. ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात वर्गीकरण-तालिकीकरण जेवढ्या गांभीर्यानं शिकवतात तेवढ्याच गांभीर्यानं चित्रपुस्तक कसं वाचून दाखवायचं हे शिकवलं पाहिजे. पुस्तकांची आता सबब नाही. माधुरी पुरंदरेंचं काम आपल्यासमोर आहे, 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर 2015 पासून कितीतरी भाषांतल्या गोष्टी फुकट छापून घेता येतात.

मोठ्या मुलांबद्दल थोडक्यात. बारा-तेराच्या पुढचा मुलगा बालविभागात लाजतो आणि मोठ्यांच्या विभागात त्याला कोणी विचारत नाही. तो परत ग्रंथालयात दिसतो तो एकदम अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेची स्वतःची गाईडं घेऊन. अभ्यासिकेचं शुल्क संस्थेला लागतं, मुलांना घरी बसायला जागा नसते, दोघांची गरज खरी. पण मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत ग्रंथालयात बसतात आणि ग्रंथालयाचं एक पुस्तक उघडत नाहीत, याला काय म्हणायचं? भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे ज्या वयासाठी लिहिला ते वय आपल्या कपाटांच्या मांडणीत अस्तित्वातच नाही. अभ्यासिकेच्या दारात एक उघडा रॅक ठेवा, नोंद न करता न्यायची मुभा द्या. पंचवीस पुस्तकं जातील. जाऊ द्या.

आणि कुटुंब. 1992 मध्ये बर्मिंगहॅममध्ये 'बुकस्टार्ट' सुरू झालं, तेव्हा त्यांनी तान्ह्या मुलांच्या आयांना आरोग्यसेविकांमार्फत पुस्तकं दिली, ग्रंथालयात यायची वाट पाहिली नाही. आपल्याकडे लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. ग्रंथालयं बारा हजार आणि ग्रामपंचायती सत्तावीस-अठ्ठावीस हजार, म्हणजे अर्ध्याहून अधिक गावांत ग्रंथालय नाहीच, पण अंगणवाडी बहुतेक ठिकाणी आहे. बडोद्याची ती लाकडी पेटी तिथे जाऊ शकते. आईला वाचता येत नसेल तर शब्द नसलेलं चित्रपुस्तक द्या. चित्राकडे बोट दाखवून तिच्या बोलीत ती जे बोलेल तेही मुलाच्या कामाचंच आहे.

या सगळ्यासाठी नवा कायदा यावा म्हणून थांबायची गरज नाही. इथे काही ग्रंथालयांचे पदाधिकारी बसले आहेत, त्यांना एकच सुचवतो. या वर्षीच्या वार्षिक अहवालात ग्रंथसंख्येच्या शेजारी दोन रकाने वाढवा. बालविभागातून घरी गेलेली पुस्तकं किती, आणि मुलांना मोठ्यानं वाचून दाखवलेले तास किती. सर्वसाधारण सभेत ते आकडे वाचा. पहिल्या वर्षी दुसऱ्या रकान्यात शून्य असेल, तरी शून्य छापा.

एवढंच. प्रश्न असतील तर घेऊ. मागे बसलेल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्यापासून सुरू करू.