मेंढपाळांचे संवाद आणि बंद नाट्यगृहे

सतराव्या शतकातील इंग्रजी प्रेमगीतांकडे मी प्रथम वळलो, तेव्हा त्यांतले मेंढपाळ मला खोटे वाटले. ते मेंढ्या राखताना कधी दिसतच नाहीत. हेन्री लॉझ (१५९६–१६६२) हा तर दरबारी संगीतकार. त्याच्या चालीही स्वरलेखनावरून सपाट वाटत. अठराव्या शतकात संगीतेतिहासकार चार्ल्स बर्नी यानेही त्याला नीरस ठरवले होते. आज मला वाटते, आम्ही दोघेही चुकलो.

१६४२ मध्ये पार्लमेंटने नाट्यगृहे बंद केली. १६४५ मध्ये राजाच्या बाजूने लढताना लॉझचा भाऊ विल्यम चेस्टरजवळ मारला गेला. १६४९ मध्ये राजाचाच शिरच्छेद झाला. दरबार संपला. लॉझ गाण्याच्या शिकवण्या करू लागला. १६५३ मध्ये जॉन प्लेफर्डने त्याच्या गीतांचा व संवादांचा संग्रह छापला. संवादात मेंढपाळ विचारतो, प्रेयसी उत्तर देते, शेवटी दोघे एकत्र गातात. साथीला थिऑर्बो किंवा बास व्हायोल. ना पडदा, ना वेशभूषा. बंद पडलेल्या नाटकाचा एक अंश असा दिवाणखान्यात टिकला.

म्हणूनच लॉझ चालीच्या गोडव्यापेक्षा बोलण्याची लय जपतो. महत्त्वाच्या शब्दावर स्वर रेंगाळतो. कागदावर सपाट दिसणारी ओळ मोठ्याने म्हणताच प्रश्न होते, उत्तर होते. लॉझविषयी मत बनवण्यापूर्वी त्याचा निदान एक संवाद दोघांनी समोरासमोर बसून म्हणून पाहावा. मी ते फार उशिरा केले.