'योईतोमाके': मजूर आईच्या मुलाचे गाणे

जपानी लोकप्रिय गीतांतील तारुण्य बहुधा शाळेच्या आवारात फुलते. फुनाकी काझुओ याने गायिलेले 'कोको सान्नेन्सेई' (1963) हे हायस्कूलच्या अखेरच्या वर्गातील मुलांचे गीत तुफान गाजले. परंतु त्या वर्षी सुमारे एक तृतीयांश मुले हायस्कूलपर्यंत पोचतच नव्हती. त्यांचे तारुण्य कोणी गावे?

मारुयामा आकिहिरो (पुढे मिवा आकिहिरो) यांनी ते 1965 मध्ये 'योईतोमाके नो उता'मध्ये गायिले. योईतोमाके म्हणजे जमीन चोपताना दोरखंडाने वजन ओढणाऱ्या मजुरांची हाळी. गीतातल्या मुलाला मजुरणीचा पोर म्हणून शाळेत छळतात. तो रडत घरी निघतो. वाटेत पुरुषांच्या बरोबरीने उन्हात दोर ओढणारी आई दिसते आणि तो शाळेकडे माघारी फिरतो. पुढे इंजिनियर होतो. येथे आईची कीव नाही, तिच्या श्रमाचा अभिमान आहे. मात्र एकाच्या शिक्षणाने सर्वांचे ओझे उतरत नाही. तिथवर हे गीत जात नाही.

'दोकाता' (बांधकाम मजूर) हा शब्द अवमानकारक ठरवून खाजगी प्रसारण केंद्रांनी हे गीत वर्षानुवर्षे टाळले. शब्द गाळल्याने हेटाळणी थांबत नाही, साक्षीदार मात्र मुका होतो. दलित साहित्याची भाषा अशिष्ट म्हणणाऱ्यांचा पवित्रा निराळा होता, परिणाम हाच.

2012 च्या अखेरीस एनएचकेच्या वर्षान्त कार्यक्रमात मिवांनी ते गायिले. मजुरांची हाळी साऱ्या देशाला ऐकावी लागली.