आतला उंबरठा : ‘स्मृतिचित्रे’चे पुनर्वाचन

साध्या राहणीचे आणि लहान घराचे गोडवे आपल्या साहित्यात पुष्कळ गायिले गेले. परंतु असे घर चालविणाऱ्या गृहिणीची बाजू त्यांत क्वचितच येते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (चार भाग, १९३४ ते १९३६) पुन्हा वाचताना ती बाजू आम्हांस नीट दिसली.

लक्ष्मीबाईंचे बालपण वडिलांच्या कडक सोवळ्यात गेले. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या. तरी प्रारंभी चूल व पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. एका घरात दोन घरे झाली. पुढे त्यांनी स्वतः विचार करून जातिभेद टाकला. आमच्या मते ग्रंथाचे मर्म येथे आहे. निराश्रित मुलांसाठी बाहेरचे दार टिळकांनी उघडले. आतला उंबरठा लक्ष्मीबाईंनी ओलांडला, तेव्हा ते घर सर्वांचे झाले.

टिळकांच्या अव्यवहारीपणाकडे आपण लोभस लहर म्हणून पाहतो. हातचे ते देऊन टाकीत. उद्याच्या पिठामिठाची विवंचना मात्र पत्नीकडे येई. १९१७ मध्ये मिशनची सेवा सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हाही संसाराचा भार तिच्यावरच होता. ग्रंथाचे एक न्यूनही यातच आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद इतका प्रसन्न, की कष्टांचा जमाखर्च त्याखाली झाकला जातो आणि वाचक हसून पान उलटतो.

बेळगाव-निपाणीकडील आपल्या जुन्या घराण्यांचे वाडे प्रशस्त होते. वारावर जेवणारा विद्यार्थी तेथे उपाशी राहत नसे. तरीही सोप्यापर्यंत कोणी यावे, माजघरात कोणी, आणि कोणाच्या ओंजळीत पाणी वरून ओतावे, हे ठरलेले असे. आता आपल्यापैकी कित्येकजण वाडा मोडून दोन खोल्यांच्या सदनिकेत राहतात. घर आटोपशीर झाले. दाराची कडी मात्र अधिक घट्ट बसली. जागा कमी केल्याने पसारा आवरतो, एवढेच. घासातला घास देण्यास घरातील सर्वांची, विशेषतः जिच्या हाती चूल आहे तिची, मनापासून संमती लागते.

तरुण दांपत्यांनी हा ग्रंथ विनोदाकरिता अवश्य वाचावा. हसून झाल्यावर, त्या घरातली चूल रोज कोण पेटवीत होते, हेही पाहावे, अशी आमची विनंती आहे.