खपाचा आकडा कोणी मोजला?

गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेवरचा लेख वाचताना एक गोष्ट हमखास आढळते. चाली, शब्द, गायकी यांचे रसग्रहण झाले की शेवटी एक आकडा येतो. 'लाखो प्रती खपल्या', 'सोन्याची तबकडी मिळाली', 'जगात सर्वाधिक खप' अशा शब्दांत तो येतो. समीक्षकाच्या मताशी आपण वाद घालतो, पण आकड्याशी घालत नाही. मत हे शेवटी मत आणि आकडा म्हणजे वस्तुस्थिती, असे आपण धरून चालतो. हा समज बरोबर आहे का, हे या लेखात तपासायचे आहे.

सुरुवात संगीतापासून नको, माणदेशातल्या एका अनुभवापासून करू. २०१९ च्या दुष्काळात माण, आटपाडी भागात चारा छावण्या चालल्या. शासनाचे अनुदान जनावरामागे मिळत होते. म्हणजे छावणीत जनावरे किती, हे जो सांगणार, त्यालाच त्या संख्येवर पैसे मिळणार. अशा वेळी संख्या फुगण्याची शंका येणे स्वाभाविक आहे. म्हणून त्या वर्षी जनावरांना बारकोडचे बिल्ले लावून मोबाईलवर त्यांची हजेरी घेण्याची पद्धत आणली गेली. यातून निघणारा नियम साधा आहे. ज्याचा आकड्यात फायदा आहे त्याने मोजलेला आकडा आणि त्रयस्थाने नोंदलेला आकडा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोजपट्टी बदलली तेव्हा

नेमकी हीच गोष्ट २८ वर्षे आधी अमेरिकेच्या संगीत बाजारात घडली होती. 'बिलबोर्ड' हे तिथले नियतकालिक सर्वाधिक खपाच्या ध्वनिमुद्रिकांची यादी छापते. पूर्वी ही यादी करताना निवडक दुकानांना विचारले जाई आणि दुकानदार किंवा त्याचा नोकर 'या आठवड्यात काय जास्त गेले' ते सांगे. त्यात अंदाज असे, आवडनिवड असे, कंपनीच्या माणसाची भीडही असे. २५ मे १९९१ च्या अंकापासून बिलबोर्डने साउंडस्कॅन या यंत्रणेची आकडेवारी वापरायला सुरुवात केली. गल्ल्यावर बारकोड वाचला गेला की विक्रीची नोंद आपोआप होऊ लागली.

परिणाम लगेच दिसला. दुकानदारांच्या तोंडी यादीत मागे राहणारे ग्रामीण ढंगाचे 'कंट्री' संगीत आणि कृष्णवर्णीय तरुणांचे रॅप एकदम वर आले. गार्थ ब्रूक्स या कंट्री गायकाची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रकाशित होताच पहिल्या क्रमांकावर आली. अमेरिकन लोकांची आवड काही एका आठवड्यात बदलली नव्हती. बदलली होती ती मोजपट्टी. सदोष तापमापक टाकून चांगला वापरला म्हणून रोग्याचा ताप बदलत नाही. तो आधी चुकीचा वाचला जात होता, एवढेच कळते. तेव्हा १९९१ पूर्वीच्या याद्यांकडे याच नजरेने पाहावे लागते.

'खपली' म्हणजे नेमके काय?

दुसरा प्रश्न शब्दाच्या अर्थाचा आहे. तबकडी कारखान्यातून निघते, वितरकाकडे जाते, तिथून दुकानात आणि दुकानातून घरी. यांपैकी कोणत्या टप्प्यावर मोजायचे? अमेरिकेत ५ लाख प्रतींना 'गोल्ड' आणि १० लाखांना 'प्लॅटिनम' असे प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र ध्वनिमुद्रण कंपन्यांचीच संघटना देते. त्यासाठी कंपनीला अर्ज करून शुल्क भरावे लागते. आणि परंपरेने मोजल्या जात त्या दुकानांकडे पाठवलेल्या प्रती, ग्राहकांनी घेतलेल्या नव्हेत.

पाठवलेला माल परत येऊ शकतो. बीटल्सच्या १९६७ मधील 'सार्जंट पेपर'ला समीक्षकांनी डोक्यावर घेतले. त्याच नावाचा चित्रपट १९७८ मध्ये निघाला. त्याच्या ध्वनिमुद्रिकेच्या इतक्या प्रती दुकानांत पाठवल्या गेल्या की ती लगेच प्लॅटिनम ठरली, आणि पुढे त्यातला मोठा साठा परत आला. प्रमाणपत्र खोटे नव्हते. फक्त ते ज्या गोष्टीचे होते ती गोष्ट विक्री नव्हती.

मोजण्याचा एकक कोणता, यावरही बरेच अवलंबून असते. बीटल्सच्या १९६८ च्या दोन तबकड्यांच्या संचाला अमेरिकेत २४ पट प्लॅटिनम मानांकन आहे. वाचणारा म्हणेल, २ कोटी ४० लाख घरांत तो गेला. पण तिथे तबकड्या मोजल्या आहेत. संच १ कोटी २० लाखच होतात. पुन्हा 'गोल्ड' हे मापही सर्वत्र एक नाही. ब्रिटनमध्ये ते १ लाखाला मिळते. २०१६ पासून अमेरिकेत इंटरनेटवरून गाणी ऐकण्याच्या १५०० वेळा मिळून एक ध्वनिमुद्रिका 'विकली' असे धरतात. ही विक्री नव्हे, ठरवून घेतलेले रूपांतर आहे.

सीमेपलीकडे गेले की गोंधळ वाढतो. मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला (१९८२) अमेरिकेत २०२१ मध्ये ३४ पट प्लॅटिनमचे प्रमाणपत्र मिळाले. जगभरचा खप मात्र कुठे साडेसहा कोटी छापला जातो, कुठे दहा कोटींच्या वर. हा साडेतीन कोटींचा फरक छपाईची चूक नव्हे. सर्व देशांची विक्री एका पद्धतीने मोजणारी यंत्रणाच नव्हती, हे त्याचे कारण आहे.

कमी आकड्याचेही आकर्षण

आकडे नेहमी फुगवलेलेच असतात असे समजणे हीसुद्धा चूक ठरेल. 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९६७ ची. आज समीक्षक तिला फार वरचे स्थान देतात. तिच्याविषयी संगीतकार ब्रायन इनो याने १९८२ मध्ये एका मुलाखतीत सांगितले की, पहिल्या पाच वर्षांत तिच्या ३० हजारच प्रती खपल्या, पण विकत घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचा वाद्यवृंद काढला. आकडा त्याने ऐकीव म्हणूनच दिला होता, पण पुढे तो इतिहास म्हणून छापला जाऊ लागला. नंतर कंपनीचा स्वामित्वधनाचा हिशेब उजेडात आला. त्यात फेब्रुवारी १९६९ पर्यंतच, म्हणजे दोन वर्षांत, ५८,४७६ प्रतींची नोंद निघाली.

लहान आकडा का टिकला? तो कथेला शोभत होता म्हणून. उपेक्षित श्रेष्ठ कलाकृतीला थोडे खरेदीदार हवे असतात आणि लोकप्रिय कलाकृतीला अमाप. आकडा कथेत अगदी चपखल बसतो आहे असे वाटले की तिथे थांबून तपासावे.

गीतरामायणाचे मोजमाप

आता पुन्हा माणदेशात येऊ. ग. दि. माडगूळकर १९१९ मध्ये आटपाडी तालुक्यातील शेटफळे इथे जन्मले. माडगुळे हे त्यांचे गाव. त्यांनी लिहिलेले आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत असे सादर झाले. त्या वर्षी अधिक महिना आल्याने गीते ५२ ऐवजी ५६ झाली. १९५७ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने त्याचे पुस्तक काढले. तबकड्या आणि कॅसेट पुढच्या.

या कृतीच्या खपाचा 'लाखो' असा उल्लेख वाचला की वरचे सर्व प्रश्न विचारावेत. छप्पन्न गीते एका तबकडीवर मावत नाहीत. समजा संच दहा तबकड्यांचा आहे आणि तो हजार घरांनी घेतला. मग खप हजार की दहा हजार? 'लाखो' यात तबकड्या, कॅसेट आणि पुस्तके एकत्र आहेत का? हे न सांगणारा आकडा आदराचा उद्गार आहे, मोजमाप नव्हे.

कॅसेटच्या काळात तर प्रामाणिक आकडाही अपुरा पडतो. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि चोरट्या प्रतींचा धंदाही फोफावला. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या पुस्तकात उत्तर भारतातल्या या बाजाराचे तपशीलवार वर्णन केले आहे. जत्रेत विकलेली चोरटी कॅसेट कुणाच्याच वहीत नोंदली जात नाही. अधिकृत खप हा अशा वेळी खऱ्या प्रसाराचा खालचा टोकाचा अंदाज ठरतो.

आणि गीतरामायण मुळात विकले गेले नव्हते, ते ऐकले गेले होते. एका रेडिओभोवती किती माणसे बसली, कर्ण्यावर लावलेली एक तबकडी किती आळ्यांना ऐकू गेली, हे गल्ल्यावर मोजता येत नाही. त्याचे मोठेपण खपाच्या आकड्याने सिद्ध करू पाहणे म्हणजे फूटपट्टीने वजन करणे.

मग आकड्याची गरजच काय?

गरज आहे, आणि ती कलाकाराला सर्वांत जास्त आहे. गीतकार, संगीतकार, गायक यांना प्रतीमागे स्वामित्वधन मिळणार असेल, तर प्रती किती विकल्या हा त्यांच्या पोटाचा प्रश्न होतो. जाहिरातीतला आकडा मोठा असण्यात कंपनीचा फायदा असतो आणि हिशेबातला लहान असण्यात. दोन्ही आकडे एकच कंपनी तयार करते. कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये घातलेल्या कलम ५२ अ नुसार ध्वनिमुद्रणावर व वेष्टनावर निर्मात्याचे आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता व प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे बंधनकारक आहे. प्रतींची संख्या या यादीत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील वाटा करार करूनही हिरावता येणार नाही अशी तरतूद झाली. पण हक्क कागदावर असला तरी वाटा काढायला मोजणी विश्वासार्ह लागते.

तेव्हा निष्कर्ष असा. छापलेले खपाचे आकडे सरसकट खोटे नाहीत, पण सरसकट विश्वासार्हही नाहीत. कोणी मोजले, काय मोजले, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या तारखेपर्यंत, या चार प्रश्नांची उत्तरे असलेला आकडाच वापरावा. ५८,४७६ विश्वसनीय वाटतो तो मोठा किंवा लहान आहे म्हणून नव्हे, तर त्याला तारीख आहे आणि तो पैसे चुकते करण्याच्या हिशेबातला आहे म्हणून.

वर्गात हे करून पाहता येईल. घरातल्या जुन्या कॅसेटचे वेष्टन मुलांना आणायला सांगा आणि त्यावर काय छापले आहे, काय नाही, याची यादी करा. मग शाळेच्या ग्रंथालयातली मराठी पुस्तके काढा. 'दहावी आवृत्ती' असे ठळक छापलेल्या किती पुस्तकांत आवृत्तीच्या प्रती किती ते दिले आहे? पाचशेच्या दहा आवृत्त्या आणि पाच हजारांची एक आवृत्ती, यांत जास्त प्रती कशाच्या? हे गणित पाचवीतला विद्यार्थीही करील. ते करून झाल्यावर 'दहावी आवृत्ती' या शब्दांकडे तो पूर्वीसारखा पाहणार नाही.